पट्ट्या न उकडता

जिजी, तुझ्या तेराव्याची भजी तेलकट होती. पंगतीत कुणी बोललं नाही. मेलेल्या माणसाच्या नावाचं जेवण म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने गिळलं, काहींनी पुन्हा मागून घेतलं. आचारी तुझ्या नवऱ्याने ठरवला होता. मला विचारलं असतं तर मी दुसरा सुचवला असता, पण त्या दिवसांत घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. नुसतं कौतुक करत होते. मला तेच जास्त तेलकट लागलं.

"मंदानं जावेचं केलं हो. सख्ख्या बहिणीनं नसतं केलं," शिरपूरची तुझी मामेबहीण म्हणाली, आणि ज्या हाताने नाक पुसलं होतं त्याच हाताने तिने माझा गाल कुरवाळला. मी आत जाऊन तोंड धुतलं. लोकांना वाटलं, रडायला गेली.

खरं असं आहे की शेवटचे अठरा दिवस मी तुझ्या खोलीत आले नाही. तळमजल्यावर आपलं ऑर्डरींचं स्वयंपाकघर, त्यावर मी, माझ्यावर तू. तुझ्यामाझ्यात एक जिना. तुझं अंग पुसणं, कूस वळवणं, कपडे बदलणं, सगळं तुझ्या सुनेनं केलं, कोमलनं. मी खालून डबे पाठवले. डबे पाठवले की सेवा केली असं आपल्या माणसांत धरतात. मी हे तुला सांगायला बसलेय, कारण तेराव्याला चारचौघांत सांगायची हिंमत झाली नाही. आणि सांगायचं तर लझानियापासूनच सांगावं लागतं.

लझानिया आपल्या घरात तू आणलास. ज्या साडीवाल्या शेठकडे तू स्वयंपाकाला जायचीस, त्यांच्या सुनेनं तुला शिकवला. तू घरी करून दाखवलास तेव्हा भाऊजींनी ताट फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "हे पोळीचं भरीत आहे का?" पण वर्षभरात आपल्या पर्वत पाटिया भागातल्या अर्ध्या सोसायट्यांच्या किटी पार्ट्यांना आपले ट्रे जायला लागले. कांदा-लसूण घातलेला, न घातलेला, गाजराऐवजी कच्चं केळं घातलेला. शेठकडची नोकरी तू सोडलीस, मी माझे शिवणाचे कपडे परत केले. बंद पडलेल्या एका बेकरीचा ओव्हन आपण टेम्पोत घालून आणला, तेव्हा तू त्याला हळद-कुंकू लावलंस आणि मी आतून सोडा लावून घासला. आपल्या दोघींत कामं अशीच वाटलेली असायची.

सॉसबरोबर थरावर थर लावायच्या त्या पाकिटातल्या वाळक्या, मैद्याच्या पट्ट्या मात्र तू उकडायचीस. मोठ्या पातेल्यात पाणी, मीठ, तेलाचा थेंब. दोन-दोन पट्ट्या सोडायच्या, झाऱ्यानं काढायच्या, गार पाण्यात टाकायच्या, आणि मग टेबलावर अंथरलेल्या ग्रेवर एकेक पसरायची. लूमवरून उतरलेलं, न रंगवलेलं ते कोरं कापड भाऊजी कारखान्यातून आणायचे. त्यावर त्या पट्ट्या, साड्या वाळत घातल्यासारख्या. पसरायचं काम माझं होतं.

मला ते कधीच सहन झालं नाही. कोमट, बुळबुळीत, कडेनं फाटलेली, हाताला चिकटून राहणारी आणि ओढली की लांबणारी ती पट्टी उचलताना माझ्या घशाशी येत असे. भेंडीची तार, दुधाची साय, मोरीच्या जाळीत अडकलेले केस, मला या सगळ्याचं वावडं आहे, लहानपणापासून. तुला ठाऊक होतं. तू मुद्दाम एखादी पट्टी माझ्या मनगटावर टाकायचीस आणि मी किंचाळले की पोट धरून हसायचीस. मला त्या हसण्याचा रागच यायचा. आजही येतो.

मग त्या चकोल्यांचा दिवस. तू दुपारी घरच्यांसाठी चकोल्या करत होतीस, कणकेचे कच्चे तुकडे उकळत्या वरणात सोडत होतीस. शेजारच्या गुजराती ताई त्यालाच दाळ-ढोकळी म्हणतात. मी बघत उभी होते.

मी म्हटलं, "जिजी, ह्या आधी उकडून घेतल्यास का?"

"डोकं फिरी गयं का तुन्हं? वरणातच शिजतस त्या."

"मग लझानियाच्या पट्ट्या सॉसमध्ये का शिजणार नाहीत?"

तुझा डाव हवेत थांबला. तू विचार केलास, हे मी कबूल करते. मग म्हणालीस, "वरण खदखदतं. ट्रे भट्टीत मुकाट बसतो. ही गोष्ट चकोल्यांची नाही, बट्टीची आहे. बट्ट्या उकडाशिवाय कोनी तळतस का? आतून पिठूळ ऱ्हातीन."

झालं. परदेशातला पदार्थ, आणि आपण पुढची तीन वर्षं भांडलो ते तो बट्टीच्या जातीचा की चकोल्यांच्या, यावर. दोघीही खानदेशातून आलेल्या, दुसरं मोजमाप कुठून आणणार?

तू भाचीच्या हळदीला शिरपूरला गेलीस तेव्हा मी करून बघितलं. पहिला ट्रे वाया गेला. मी सॉस नेहमीसारखाच घट्ट ठेवला होता. कोरड्या पट्ट्यांनी तो सगळा पिऊन टाकला आणि कोपरे वर आले, पिवळे, कडक, म्हाताऱ्या माणसाच्या पायाच्या नखांसारखे. मला बघवेना. मी तो कोपऱ्यावरच्या गायीसमोर टाकला, तीही हुंगून पुढे गेली.

दुसऱ्या वेळी डोकं वापरलं. टोमॅटोचा सॉस कढीइतका पातळ केला, पांढऱ्या सॉसमध्ये वाटीभर दूध वाढवलं. ट्रेच्या तळाला आधी सॉस, मग पट्टी, आणि पट्ट्यांच्या कडेला बोटभर जागा सोडलेली, कारण त्या फुगतात. प्रत्येक थरात कोपऱ्यापर्यंत सॉस पोचलाच पाहिजे. वरच्या पट्टीवर तर जास्तच. मग फॉइल घट्ट दाबून चाळीस मिनिटं, वाफ बाहेर जाता कामा नये. चकोल्यांवर झाकण ठेवतो तसंच. नंतर फॉइल काढून, चीज घालून पंधरा मिनिटं. आणि बाहेर काढल्यावर वीस मिनिटं सुरी लावायची नाही, कितीही घाई असली तरी. कापला तेव्हा तुकडा विटेसारखा उभा राहिला. पातेलं नाही, झारा नाही, ग्रे नाही. माझे हात अख्खा वेळ कोरडे.

तो ट्रे आपल्या नेहमीच्या गिऱ्हाईक शीतलभाभींकडे गेला. त्यांचा फोन आला, "मंदाबेन, आ वखते तो बहु सरस!" या वेळचा फारच छान, म्हणे. मी तुला काही सांगितलं नाही.

तुला कळलं ते कापडावरून. तू आल्या आल्या ग्रेची घडी उचललीस, हुंगलीस, आणि म्हणालीस, "हे भिजलंच नाही. चार दिवस ऑर्डरी गेल्या म्हणतेस, आणि हे भिजलंच नाही?"

मग जे झालं त्याला भांडण म्हणतात. तू म्हणालीस, मी गिऱ्हाइकाला कच्चं पीठ चारलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकानं बोटं चाटली. मी गॅसचं सांगितलं, वेळेचं सांगितलं, दर पाकिटामागे फाटून जाणाऱ्या पट्ट्यांचं सांगितलं. मुद्देसूद बोलत होते मी. तू ऐकून घेतलंस आणि आवाज अजिबात न चढवता म्हणालीस, "गॅस-बिस काही नही. तुले किळस येस. एवढंच शे."

मी इतकं जोरात "नाही" म्हटलं की वरून कोमल विचारायला आली, काय पडलं म्हणून.

तेव्हापासून ओव्हनचा वरचा कप्पा तुझा, खालचा माझा. तुझे ट्रे उकडलेल्या पट्ट्यांचे, माझे न उकडलेल्या. एकाही बाईला फरक ओळखता आला नाही, आणि तू माझ्यातला घासभरसुद्धा कधी चाखला नाहीस. "मी कच्चं खात नाही," एवढं बोलून ताट सरकवायचीस. तीन वर्षं. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आरशात पाहिला असेल.

किळशीचं तुझं बरोबर होतं, जिजी. हे एक राहिलं होतं ते देऊन टाकते. गॅस वाचतो, वेळ वाचतो, सगळं खरं, पण मला ते नंतर सुचलं. आधी फक्त ती पट्टी हातात घ्यायची नव्हती.

आणि तू मला हे कधीपासून ओळखून होतीस? सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी तू मला एकदाच त्यांच्या खोलीत बोलावलंस. मी दारात पदर नाकाला लावून उभी राहिले. तू बघितलंस आणि म्हणालीस, "तू खाली पोळ्या बघ." त्यानंतर अकरा महिने मी पोळ्या बघितल्या. माझी गर्भाची पिशवी काढली तेव्हा दवाखान्यात नर्सला उशीर झाला म्हणून माझ्या लघवीची पिशवी तू रिकामी केलीस. मी डोळे मिटून घेतले होते, स्वतःच्याच घाणीकडे बघवत नव्हतं मला. तू मात्र शीतलभाभींच्या मुलाच्या मुंजीबद्दल बोलत होतीस. त्यांच्यात मुंज असते का, की जानवं नुसतंच घालतात, असं काहीतरी. ती पिशवी हातात धरून.

मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात जावाजावा आभार मानत नाहीत. चांगली सोय आहे ती.

मग तुला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अर्धं राहिलं. पहिला महिना मी रोज येत होते, हे लिहून ठेवते, कारण बाकी काही माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं नाही. मी खुर्चीवर बसायचे, ऑर्डरींचं सांगायचे. अंगाला हात लावायचं काम कोमल करायची.

एक दिवस तू डाव्या हातानं थरावर थर ठेवल्याची आणि मग खालच्या कप्प्याची खूण केलीस. कोमलला कळेना, मला कळलं. तुला माझा लझानिया हवा होता. न उकडलेला. मी धावत खाली गेले. वीस मिनिटं थांबायचा माझाच नियम मोडून तुकडा कापला, वर आणला. कोमलनं चमच्यानं तो चिरडला आणि तुझ्या डाव्या गालात घातला.

तू घास चावलास. डोळे मिटून, हिशेबी, तपासनीस बसल्यासारखी. मी वाट बघत उभी. तीन वर्षांचं भांडण होतं ते. आणि तुझ्या उजव्या बाजूनं, जिथे ओठ मिटत नव्हता, तिथून तो बाहेर यायला लागला. पांढरा सॉस, लाल सॉस, पट्टीचा बुळबुळीत लगदा, लाळ, हनुवटीवरून गळ्यावर.

मी तोंड फिरवलं. नुसतं फिरवलं नाही, मला उमळून आलं आणि त्याचा आवाज झाला. पुन्हा वळले तेव्हा कोमल तुझी हनुवटी पुसत होती आणि तू माझ्याकडे बघत होतीस. तू म्हणालीस, "कच्चं शे."

ते कच्चं नव्हतं. त्याच ट्रेमधले दोन तुकडे कोमलनं खाल्ले, एक वॉचमनकाकांनी. ते कच्चं नव्हतं, हे मी तुला आजही सांगते आणि उद्याही सांगेन. पण तू तसं का म्हणालीस, मला तेव्हा कळलं नाही. भांडण चालू ठेवायला म्हणालीस? की मी दुसऱ्याच कशावर तरी चिडावं म्हणून? तुझं काही सांगता येत नाही.

त्यानंतर मी दारापर्यंतच यायला लागले. "कशी आहेस जिजी, खाली ट्रे लागलाय," एवढं बोलून वळायचं. मग तुझ्या पाठीला जखमा झाल्या. तो वास जिन्यापर्यंत यायचा. मी खालूनच आवाज द्यायला लागले. "कोमल, मी आले असते गं, पण ओव्हनमध्ये ट्रे आहे." अठरा दिवस मी हेच वाक्य बोलले. त्यातले किती दिवस ओव्हनमध्ये खरंच ट्रे होता, ते मला माहीत आहे. चार.

तू गेलीस त्या सकाळी मी आले. तुला आंघोळ घातली तेव्हा बायका म्हणाल्या, "मंदे, तू पाणी घाल, तुझा मान." मी घातलं. तांब्यानं, लांबून.

आता सगळे तुझा फोटो मोबाइलवर पाठवतात, कडेनं गुलाब, कोपऱ्यात पणती. त्या फोटोत तू जो जांभळा शालू नेसली आहेस, तो तुला अजिबात आवडायचा नाही. खाली लिहिलंय, 'प्रेमळ, सोशिक'. तू सोशिक? त्या शब्दाची मला शिसारी आली. फोटो करणाऱ्याला मी कळवलं, निदान साडी बदला. त्याचं उत्तर आलं, दोन हात जोडलेले.

ऑर्डरी परवापासून सुरू केल्यात. आता दोन्ही कप्पे माझे. आणि हेही सांगून ठेवते, तुझ्या आठवणीत मी पट्ट्या उकडणार नाही. तशी आशा असेल तर सोड. पातेलं मी भांडीवाल्या बाईला देऊन टाकलं.

राहता राहिली ती साडी. तेराव्याला तुझा भाऊ दुखवट्याची कापडं घेऊन आला. भाऊजींना टोपी-टॉवेल, तुझ्या मुलाला शर्टाचं कापड, कोमलला एक साधी छापील साडी. आणि मला काठापदराची, मोरपंखी. सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "मंदाताई, माझ्या बहिणीची घाण तुम्ही काढली. हे ऋण फिटणार नाही." आणि माझ्या पायाला हात लावला. तुझ्या भावानं. साठीच्या माणसानं.

तेव्हाच म्हणायचं होतं, दादा, मी नाही, ती. कोमल चार हातांवर उभी होती, हातात चहाचा ट्रे घेऊन. मी साडीवर हात ठेवला आणि म्हटलं, "अहो, घरचंच माणूस, त्यात काय." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ओंगळ गोष्टी पाहिल्या आहेत. तेवढी ओंगळ दुसरी नाही.

आज दुपारी मी साडी घेऊन वर गेले. कोमल गच्चीवर होती, तुझं मेणकापड दोरीवर टाकून पाइपानं धूत होती. मी म्हटलं, "ही तुझी आहे. मी तेराव्याला खोटं बोलले. मी काही केलं नाही, मला किळस येत होती. ओव्हनमध्ये ट्रे नसायचा."

तिनं पाइप बंद केला नाही. "काकी, मला खबर होती ना. ट्रे लागला की वास वरपर्यंत येतो."

मी विचारलं, "आणि जिजीला?"

"मम्मींचं नाक चांगलं होतं शेवटपर्यंत. तुम्ही खालून बोलल्या की त्या असं नाक वर करायच्या." तिनं करून दाखवलं. "वास नाही आला की मला बोलायच्या, जाऊ दे, तिले बलावू नको."

"रागावून?"

"मला काय माहीत, काकी? अर्धं तोंड तर हलत नव्हतं. बघून कसं कळणार?"

मी साडी पुढे केली. तिनं ओले हात फ्रॉकला पुसले. अजून गाऊनला ती फ्रॉकच म्हणते. "मला नको. तुम्ही खोटं बोलून घेतली ना, मग तुम्हीच नेसा. मी नेसली तर लोक मलाच विचारतील, काकीची साडी तुझ्याकडे कशी." मग पाण्याच्या टाकीकडे बोट करून म्हणाली, "खरंच काही करायचं असेल तर ते बघा."

टाकीमागे तुझी गादी पडली होती. चादरी-उशी त्याच दिवशी गेल्या, गादी जड म्हणून पुरुषांनी तिथे ढकलून ठेवली होती. उद्या नेऊ, परवा नेऊ. सोळा दिवस सगळे नाक दाबून बाजूनं जात होते. कापूस ओला होऊन फुगला होता. मधोमध तुझ्या पाठीच्या जागी मोठा तपकिरी डाग होता, त्यावर माशा.

"मी एकटी उचलू शकत नाही," कोमल म्हणाली. "खाली रस्त्यावर टेम्पोवाला उभा आहे, पण तो हात लावणार नाही बोलला. तुम्ही डोक्याकडून धरा. तिकडे कमी आहे."

मी साडी कठड्यावर ठेवली आणि पायांकडे गेले. ती डोक्याकडे गेली. उचलली तर मधून वाकली, आणि तो मधला भाग माझ्या पोटाला लागला. तीन जिने. प्रत्येक वळणावर कोमल म्हणायची, "थांबा काकी, फिरवू दे," आणि आपण थांबायचो. म्हणजे मी आणि ती. पहिल्या मजल्यावर मला उलटी झाली, माझ्याच दारात. कोमल म्हणाली, "ठेवायची का?" मी मान हलवून नाही म्हटलं.

वास होता, जिजी. भयंकर होता. मी नाकाला पदर लावला नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते.